आधी दोष, मग उदाहरण

देवरे सर गेल्याचा निरोप त्यांच्या मुलीने एका ओळीत पाठवला. "बाबा आज पहाटे वारले, अंत्यविधी चार वाजता, नामपूर." खाली हात जोडलेलं चित्र नाही, फुलं नाहीत, 'कळवण्यास अत्यंत दुःख होते' नाही. वाचल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर सरांना ही ओळ पसंत पडली असती. रडू त्यानंतर आलं.

सरांना सगळं एका ओळीत लागायचं. सातपूरला आमचा कारखाना आहे, इलेक्ट्रिकल पॅनेल बनवणारा. तिथल्या कॉम्प्युटर विभागाचे ते प्रमुख होते. विभाग म्हणजे कॅन्टीनच्या मागची एक थंडगार खोली, तीन खुर्च्या आणि भिंतीला टेकून घूंघूं करणारे सर्व्हर. कोणी दारात येऊन "सर, सकाळपासून ना, म्हणजे खरं तर कालपासूनच..." अशी लांबण लावली की सर तळहात पुढे करत. "आधी नाव सांग. मग एक आडवी रेघ ओढ. रेघेपुढे एक ओळ." येणारा गोंधळून जायचा आणि पाच मिनिटांनी परत येऊन म्हणायचा, "प्रिंटर. कागद ओढत नाही." "आत्ता कसं," म्हणत सर उठायचे. नवे प्लांट हेड आले तेव्हा त्यांनी आमच्या खोलीत उभं राहून पंधरा मिनिटं स्वतःची ओळख करून दिली. सरांनी ती अदबीने ऐकली आणि शेवटी विचारलं, "आणि साहेब, एका ओळीत?" आमचा तिसरा सहकारी शिंदे त्या क्षणी वायर शोधायला टेबलाखाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

ही सवय त्यांना जिच्यामुळे लागली तिच्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर सर कळायचे नाहीत. आमचे सर्व्हर ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत, तिचं मॅन्युअल तिच्या पोटातच असतं. काळ्या पडद्यावर एक छोटा शब्द टंकायचा, पुढे हव्या त्या आज्ञेचं नाव द्यायचं, की त्या आज्ञेचं पान उघडतं. आज्ञा कोणतीही असो, पानाची ठेवण एकच. सगळ्यात वर नाव, आडवी रेघ आणि एका ओळीत तिचं काम. मग वापर, म्हणजे ती लिहायची कशी. मग वर्णन, पर्याय, कोणत्या फायलींना ती हात लावते ते. मग दोष, मग उदाहरणं. अगदी तळाशी 'हेही पाहा', म्हणजे इथे समाधान झालं नाही तर पुढे कोणाचं दार वाजवायचं. ही पानं लिहिणारे जगभर विखुरलेले, एकमेकांना न पाहिलेले लोक, पण साचा कोणी मोडत नाही. सर म्हणत, "गावातल्या प्रत्येक घरात मिठाचा डबा एकाच फळीवर असेल, तर आंधळा माणूससुद्धा कोणाच्याही घरी स्वयंपाक करेल."

मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि काम काहीच दिलं नाही. "वाच," एवढंच म्हणाले. मी सिडकोत वाढलेली, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, इंटरनेटवर शोधून दोन मिनिटांत उत्तर काढणारी. मला वाटलं, हा माणूस आपला दिवस खातोय. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "वापराच्या ओळीत चौकोनी कंस कशाला असतो?" मी पान परत उघडू लागले, तेव्हा तेच म्हणाले, "कंसातलं नाही दिलं तरी चालतं. कंसाबाहेरचं द्यावंच लागतं. आता आपल्या कंपनीत काम कंसाबाहेर आहे आणि कौतुक कंसात. लक्षात ठेव, म्हणजे त्रास होणार नाही."

या मॅन्युअलचे आठ विभाग असतात. सरांनी ते अख्ख्या कारखान्याला लावून टाकले होते. पहिल्या विभागात कोणीही चालवाव्यात अशा आज्ञा, आठव्यात फक्त सिस्टीम सांभाळणाऱ्याने हात लावावा अशा. म्हणून कोणी काही विचारलं आणि सर "एक" म्हणाले, तर समजायचं की तुझं तू वाचून कर. "आठ" म्हणजे बाजूला हो, मी बघतो. सहावा विभाग खेळांचा, त्यामुळे डबा खाताना शिंदेने क्रिकेट काढलं की सर भाकरी मोडता मोडता "सहा" म्हणत आणि भिंतीकडे तोंड करून बसत. सातव्यात संकीर्ण, जे इतर कुठेच बसत नाही ते. एचआरच्या मॅडमनी एकदा फोनवर विचारलं, "सर, माझं परिपत्रक कुठे ठेवलंत?" सर सहज बोलून गेले, "सातात." त्या बिचाऱ्या दुपारभर सात नंबरचं कपाट उपसत होत्या.

सर बागलाणातले, नामपूरचे. ऑफिसात आमच्यासारखंच बोलत, पण घाईत असले किंवा आतून काही बोलायचं असलं की अहिराणी यायची. "पान वाचं का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पान वाचलंस का. कोणीही काहीही बिघडवून आला तरी पहिला प्रश्न तोच, आणि आवाज कधी चढलेला नाही. कारण त्यांचा एक नियम होता, आणि तो ते स्वतःला लावत, दुसऱ्यांना नाही. न वाचता माणूस चुकला तर माणूस चुकला. वाचून चुकला तर पान चुकलं.

कारखान्यासाठी त्यांनी स्वतः कितीतरी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले होते आणि प्रत्येकाचं पान, तेही मराठीत. का, तर शॉपफ्लोअरवरच्या सुपरवायझरला पहाटेच्या पाळीत इंग्रजीशी झटापट करायला लागू नये. काळ्या पडद्यावर आमच्या वेलांट्या कधी अक्षराच्या आधी जात, कधी गायब होत. सर म्हणत, "वेलांटी पडली तरी अर्थ उभा राहिला पाहिजे, असं वाक्य लिहायचं." त्यांच्या टेबलावरचा माऊस कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असे. कॅन्टीनमध्ये चहाचं मशिन आलं तेव्हा तिसऱ्या दिवशी त्याच्यावर सरांच्या अक्षरात एक कार्ड चिकटलेलं होतं. नाव: चहायंत्र, रेघ, चहासारखं काहीतरी देते. दोष: 'साखर कमी' हे बटण दाबल्यास साखर तेवढीच येते. हेही पाहा: गेटबाहेरची टपरी.

सगळ्या पानात त्यांचा जीव 'दोष' या मथळ्यावर. "बाजारात अशी एक वस्तू दाखव," ते म्हणत, "जिच्यावर बनवणाऱ्याने स्वतःहून लिहिलंय की यात हे हे बिघडतं आणि मला ते अजून नीट करता आलेलं नाही." आणि हा मथळा उदाहरणांच्या आधीच हवा, यावर ते अडून बसत. शिंदेने एकदा सुचवलं की लोकांना उदाहरणच लागतं, ते वर घेऊ या. सर म्हणाले, "दोष ओलांडल्याशिवाय उदाहरणापर्यंत पोचता येता कामा नये. नाहीतर सगळे पेरणी सोडून थेट सुगीला हजर."

याचा कळस त्यांनी घरात केला. थोरल्या मुलीसाठी, मनीषासाठी, स्थळं बघायला लागले तेव्हा बायोडाटा त्यांनीच लिहिला. नाव, रेघ, एक ओळ. शिक्षण, उंची, मामाकुळ, सगळं आपापल्या जागी. मग दोष: सकाळी आठच्या आधी कोणाशी बोलत नाही. राग आला तर भांडत नाही, दोन दिवस अबोला धरते. वरणात मीठ विसरते. आणि तळाशी, हेही पाहा: मुलीची आई, पुढे अशीच होणार. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तो कागद पाहून दोन दिवस अबोला धरला. पहिल्या स्थळाने कागद परत पाठवला. दुसरं स्थळ वणीचं. मुलाचा बाप कागद घेऊन स्वतः आला आणि म्हणाला, "आमच्या पोराचं बी असं एक पान करून द्या. आम्हाला जमलं नाय, आमचं दोषच संपेना." लग्न तिथेच झालं. मनीषा आजही वणीला आहे, सुखात आहे, आणि सकाळी आठपर्यंत सासरचं कोणी तिच्या वाटेला जात नाही.

मी हे सगळं हसत सांगते आहे. इथपर्यंत हसता येतं.

सर मला एक युक्ती शिकवून गेले. पान उघडलेलं असताना तिरपी रेघ, म्हणजे स्लॅश, टंकायची आणि पुढे शब्द, की पडदा उडी मारून थेट त्या शब्दावर जातो. मला डोळ्यांचा त्रास होता, लांब पानं वाचताना डोकं दुखायचं. म्हणून एका दुपारी माझ्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी ती दाखवली. "शिंदेला सांगू नको," म्हणाले. "तो आळशी आहे. तू नाहीस." मला या वाक्याचा फार आनंद झाला होता. त्या दिवसापासून मी कोणतंही पान उघडलं की स्लॅश दाबून 'उदाहरण' टंकायची, समोर आलेली ओळ उचलायची आणि चालवायची. दोष कुठे आणि मी कुठे.

नऊ वर्षांपूर्वी एका गुरुवारी ड्रॉइंगच्या सर्व्हरवरची जागा भरली. डिझाइनवाले फोनवर फोन करत होते, कोणालाच काही जतन करता येत नव्हतं. सर त्या दिवशी वणीला गेले होते, नातीच्या बारशाला. वर्षातली त्यांची ती बहुतेक एकुलती एक सुट्टी. शिंदे दुसऱ्या युनिटला. सरांनी लिहिलेला 'झाडू' नावाचा प्रोग्रॅम होता, निरुपयोगी फायलींचं फोल्डर रिकामं करणारा. मी पान उघडलं, स्लॅश, उदाहरण. उदाहरणात 'झाडू' आणि पुढे फोल्डरचं नाव होतं. ते फोल्डर आमच्याकडे आता नव्हतंच, म्हणून मी ते गाळलं आणि नुसतं 'झाडू' चालवलं. पावणेएक वाजले होते. जागा मोकळी झाली. डिझाइनवाल्यांचे फोन थांबले. मी डबा उघडला.

दुपारी दोनपर्यंत कळलं की मोकळी झालेली जागा म्हणजे त्यांची चालू ड्रॉइंग्ज होती. बॅकअप रविवारचा. सोमवारपासूनचं चार दिवसांचं काम गेलं, त्यात एका मोठ्या ग्राहकाच्या तपासणीसाठी सुधारलेली सगळी ड्रॉइंग्ज. मी पुन्हा पान उघडलं आणि या वेळी वरून खाली आले. दोष या मथळ्याखाली पहिलीच ओळ होती. 'फोल्डरचं नाव दिलं नाही तर जिथे उभे असाल तिथलंच झाडते. चालवण्याआधी कुठे उभे आहात ते पाहा.' मी उभी होते चालू ड्रॉइंग्जच्या फोल्डरमध्ये.

शुक्रवारी सकाळी सर आले. माझ्या टर्मिनलवर बसले, बाणाची कळ दाबत मागच्या आज्ञा बघत गेले. आम्ही तिघं देखभालीच्या कामांना एकच लॉगिन वापरायचो, त्यामुळे नोंदीत नाव कोणाचंच नव्हतं. पण टर्मिनल माझं होतं. त्यांनी खुर्ची वळवली.

"पान वाचं का?"

"हो सर," मी म्हटलं. "पूर्ण वाचलं होतं."

त्यांनी खुर्ची पुन्हा पडद्याकडे वळवली. मग "बरं" म्हणाले.

दुपारी मीटिंग. प्लांट हेडना सरांचे घरगुती प्रोग्रॅम आधीपासून खुपत होते. बाहेरून तयार पॅकेज आणायचं त्यांच्या मनात होतं आणि सर आडवे येत होते. टेबलाभोवती आठदहा माणसं. मी आणि शिंदे भिंतीजवळच्या खुर्च्यांवर.

"हे चालवलं कोणी?" प्लांट हेडनी विचारलं.

माझी नोकरी कायम झालेली नव्हती. पत्र त्या महिन्यात मिळायचं होतं, आईने शेजारच्या चार घरांत सांगूनही ठेवलं होतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. खरं कारण एवढंच, की मला भीती वाटली आणि जीभ उचलली नाही.

सर उभे राहिले. "मी, साहेब. वणीला जायच्या आधी घड्याळावर लावून गेलो होतो, गुरुवारी पावणेएकला आपोआप चालेल असं. फोल्डरचं नाव द्यायचं राहून गेलं."

"तुम्ही?" प्लांट हेडना मनापासून आश्चर्य वाटलं असावं. "देवरे, तुम्ही सगळ्यांच्या मागे लागता, पान वाचा, पान वाचा."

"हो साहेब," सर म्हणाले. "मी वाचलं नाही."

ज्या माणसाने पोटच्या मुलीचे दोष लिहून परक्याच्या हातात दिले, त्याला खोटं बोलताना मी तेवढं एकदाच पाहिलं. शिंदेने माझ्याकडे एक नजर टाकली आणि नंतर आयुष्यात कधी तो विषय काढला नाही. त्याची त्या वेळची नजर मात्र मी विसरलेली नाही.

सरांची स्टोअरला बदली झाली. निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती. माझं पत्र दसऱ्याच्या आत आलं, पेढे मीच वाटले. स्टोअरमध्येही पेढा घेऊन गेले. तिथे नटबोल्टांच्या रॅकांवर एव्हाना कार्डं लागली होती. नाव, रेघ, एक ओळ. दोष: आटे लवकर झिजतात. सर स्टुलावर चढून शेवटचं कार्ड लावत होते. मला पाहून खाली उतरले.

"काय काम काढं वं?"

मी रात्रभर वाक्य जुळवून आले होते. स्टोअरचे दोन पोरगे बाजूला खोकी उचलत होते. मी म्हटलं, "काही नाही सर. चिकटपट्टी हवी होती." त्यांनी रजिस्टर पुढे केलं, मी सही केली, त्यांनी चिकटपट्टी दिली. पेढा खाल्ला. "चांगला आहे," म्हणाले. अडीच वर्षांत मी अशा सात-आठ चिकटपट्ट्या आणल्या असतील. त्या अजून माझ्या खणात आहेत, बहुतेकींचा डिंक वाळून गेलाय.

निवृत्तीच्या समारंभात प्लांट हेड बोलले. "एक प्रसंग सोडला, तर देवरेंची सेवा निष्कलंक आहे." टाळ्या पडल्या. विभागातर्फे मी बोलले. वक्तशीरपणावर बोलले, मार्गदर्शनावर बोलले, सातात ठेवावं असं सगळं बोलले. सर शाल सांभाळत मान खाली घालून ऐकत होते. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "एका ओळीत झालं असतं."

मागच्या वर्षी जुने सर्व्हर कायमचे बंद करायचं ठरलं. विभागप्रमुख आता मी. नव्या सिस्टीमवर सरांचं एकही पान नव्हतं, कोणी मागितलंही नाही. यंत्रं भंगारात जाण्याआधी काही उरलंय का म्हणून मी बघत बसले होते, आणि हात आपोआप 'झाडू'चं पान उघडून बसले. मग सवयीने स्लॅश, उदाहरण. इतकी वर्षं गेली तरी सवय तीच.

उदाहरणांच्या वर एक ओळ होती, जी मी पूर्वी पाहिलेली नव्हती. 'उडी मारून थेट इथे आलेल्यांसाठी: चालवण्याआधी कुठे उभे आहात ते पाहा.' मी वर गेले. दोष या मथळ्याखाली शेवटी भर घातलेली होती. 'हे पान न वाचताही उदाहरण सापडते. ती वाट लेखकानेच दाखवली आहे.' पानाच्या तळाशी शेवटच्या बदलाची तारीख होती, त्या मीटिंगच्या दुसऱ्या दिवसाची. स्टोअरला जाण्याआधीचा त्यांचा शेवटचा दिवस. ती युक्ती त्यांनी शिंदेला शिकवली नव्हती. कारखान्यात ती फक्त मला येत होती.

म्हणजे माझं "हो सर, पूर्ण वाचलं होतं" त्यांनी एक क्षणही खरं मानलं नव्हतं. तरी 'वाचून चुकला तर पान चुकलं' हा नियम स्वतःला लावून घेतला.

पुढच्याच रविवारी पानाची प्रिंट घेऊन मी नामपूरला गेले. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्याच्या कडेने लागलेली होती, तिच्या बाजूने चालत घर सापडलं. सर ओट्यावर खुर्चीत बसलेले. वाळले होते, कानावर रुमाल बांधलेला. काकू शेजारी परातीत मेथी निवडत होत्या. मला पाहून दोघांनाही आनंद झाला. काकू माझ्यासाठी मराठीत बोलत होत्या, "बसा, पाणी घ्या, लय लांबून आल्या." सर म्हणाले, "चहा टाक वं." काकू म्हणाल्या, "टाकते, एवढी काडी निवडू द्या."

मी प्रिंट सरांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि लगेच कागद उलटा केला. माझ्याकडे बघून तळहात पुढे केला.

मला वाटलं, ते मागताहेत. नाव, रेघ, एक ओळ. आठ वर्षं तीच तर देणं लागत होते मी.

"झाडू मी चालवला होता, सर," मी म्हटलं. "तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात."

तळहात तसाच पुढे होता. तो थांब म्हणत होता, हे मला तेव्हा कळलं, काकूंचा मेथीतला हात थांबलेला पाहिल्यावर.

"म्हणजे ह्यांनी केलं नव्हतं?" काकूंनी मला विचारलं.

"नव्हतं," मी म्हटलं. आता थांबण्यात काही अर्थ नव्हता.

"माझा भाचा तुमच्याच कंपनीत हाय," त्या म्हणाल्या. "त्यानं समद्या गावात सांगितलं, मामाच्या हातून कंपनीचं लय नुकसान झालं, म्हून स्टोअरला बसवलं. मी माहेरी तोंड दाखवणं सोडलं. आठ वरसं मी यांला हलगर्जी म्हणती. भाजीत पाणी जास्त पडलं तरी म्हणती, कंपनीत बी असंच केलं असंल." मग त्या सरांकडे वळल्या. "तुम्ही मला बी नाय सांगितलं."

सरांनी कागदाची घडी घातली. काकू उठल्या, परात तिथेच ठेवून आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला नाही, स्टोव्हचा नाही. चहा आला नाही. त्या घरात पाहुणा चहाशिवाय गेल्याचं, सर नंतर म्हणाले, त्यांना आठवत नव्हतं.

ते मला स्टॉपपर्यंत सोडायला आले. काठी होती, पण ती ते टेकवत नव्हते, हातात धरून चालत होते. ट्रॅक्टरवाले "राम राम, सर" म्हणत होते. स्टॉपवर सावलीला उभे राहिलो तेव्हा त्यांनी विचारलं, "पान वाचं का?"

"वाचलं सर. या वेळी सगळं."

"दोष?"

"तोही."

"मग बोलायच्या आधी कुठे उभी आहेस ते का नाही पाहिलंस?"

ते रागावलेले नव्हते. प्रिंटर कागद ओढत नाही म्हणून आलेल्या माणसाशी बोलायचे, तोच आवाज. मी रडत होते. ते म्हणाले, "मला एकट्याला सांगितलं असतंस तर मी 'बरं' म्हटलं असतं आणि तू हलकी झाली असतीस. आता तिच्या आठ वर्षांचं मी काय करू?"

मी म्हटलं, परत येते, काकूंचे पाय धरते, गावात सांगते, त्या भाच्याला सांगते. ते प्रत्येक वाक्याला नाही म्हणून मान हलवत राहिले. सटाण्याची बस आली. मी चढले, खिडकीशी बसले. त्यांनी काठीच्या टोकाने बसचं दार लागल्याची खात्री केल्यासारखं केलं आणि मागे सरकले.

त्यानंतर मी गेले ती थेट अंत्यविधीलाच. काकूंनी मला ओळखलं आणि जागा करून दिली, बोलल्या मात्र नाहीत.

त्या रविवारी बस सुटली तेव्हा मी मागे वळून पाहत होते. घर तिथून दोनशे पावलांवर, सरळ रस्त्याला. सर हातातली काठी आता टेकवून उभे होते, तोंड बसच्या दिशेने. बस गेली तरी ते घराकडे वळले नाहीत. ट्रॅक्टरांची रांग मध्ये येईपर्यंत मी बघत होते, तोवर ते तिथेच उभे होते.